त्या फोटोबद्दल विचारणाऱ्यांसाठी

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण पूर्ण वाचल्याशिवाय खाली कमेंट टाकू नका, ही विनंती.

मागच्या महिन्यात एकाच दिवशी एकच फोटो मला व्हॉट्सॲपवर अकरा जणांनी पाठवला. पाटावर काळं कापड, त्यावर दोन मेणबत्त्या, एक पाण्याची वाटी, एक मिठाची वाटी, उदबत्ती, छोटी सुरी, पितळी पेल्यात काहीतरी लालभडक. मधोमध वर्तुळात पाच टोकांची चांदणी. मागं परसातलं आंब्याचं झाड आणि एक पाठमोरी मुलगी. खाली मजकूर होता, "वेल्ह्यात चेटकीण पंथ शिरलाय. पोरीबाळी सांभाळा. पुढे पाठवा."

अकरातल्या चौघांनी "बातमी लावा" म्हणून सांगितलं. दोघांनी विचारलं, पोलिसात द्यायची का? आणि एका महाशयांनी मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, वाडी असा सगळा पत्ताच लिहून पाठवला होता.

बातमी मी लावली नाही. का लावली नाही ते पुढं सांगतो. आधी मी काय केलं ते सांगतो. चेलाडी फाट्यावरून आत वळलो आणि त्या घरी गेलो. गाव सांगणार नाही, नावही नाही. मुलगी हिंजवडीला नोकरी करते, दिवाळीच्या तोंडावर भातकाढणीसाठी घरी आलेली. फोटो तिनंच तिच्या इन्स्टावर टाकलेला, तिथून कुणीतरी उचलला आणि खाली आपला मजकूर चिकटवला.

वडील शेतात होते, निरोप पाठवूनही आले नाहीत. आईनं चहा केला आणि कप हातात देतानाच म्हणाली, "भाऊ, ती काय करती ते मला कळत नाही. पण कुणाचं वाईट करत नाही ना, तेवढं तुम्ही विचारून घ्या." धाकट्या बहिणीचं स्थळ चाललं होतं. त्या लोकांचा फोन आला होता की आपण जरा थांबू.

मुलगी म्हणाली, "काका, काय विचारायचं ते विचारा. फक्त नाव नको."

तुम्ही मला जे प्रश्न पाठवलेत तेच मी तिला विचारले. काही गोष्टी घरी येऊन स्वतः वाचल्या, तपासल्या. एकेक घेतो.

हे विक्का म्हणजे नक्की काय?

हा एक धर्मपंथ आहे, इंग्लंडमधला. गेराल्ड गार्डनर नावाचे गृहस्थ मलायात ब्रिटिश सरकारच्या कस्टम खात्यात नोकरीला होते. निवृत्त होऊन मायदेशी परतल्यावर त्यांनी हा पंथ लोकांसमोर आणला. इंग्लंडात १७३५ चा चेटूकविरोधी कायदा होता, तो १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचं पुस्तक आलं. डोरीन व्हॅलिएंटी नावाच्या बाईंनी त्यातले बरेचसे पूजाविधी लिहून काढले. 'विक्का' हा जुन्या इंग्रजीतला शब्द, त्याच घराण्यातला पुढचा शब्द म्हणजे 'विच'.

हे फार प्राचीन आहे असं पूर्वी त्यांच्यातलेच लोक सांगायचे. रोनाल्ड हटन या इतिहासकारांनी १९९९ मध्ये मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिलं, की आज दिसतो तसा हा पंथ विसाव्या शतकातच आकाराला आला. मुलीला हे माहीत होतं. म्हणाली, "जुनं आहे म्हणून नाही, मला बरं वाटतं म्हणून करते."

यात एक पोथी नाही, एक पीठ नाही, एक महाराज नाहीत. कुणी गटात करतं, कुणी एकट्यानं. ही एकटीच करते. म्हणजे "पंथ शिरलाय" म्हणजे एक मुलगी आपल्या घरच्या परसात बसली होती, एवढंच.

सैतानाची पूजा करतात का?

नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना. विक्कावाले सैतान मानतच नाहीत, तर पूजा कुठून करणार? बहुतेक जण एक देवी आणि एक देव मानतात. देव शिंगांचा दाखवतात, तो रानाचा, जनावरांचा देव. ती शिंगं बघूनच लोकांची गल्लत होते. देवी चंद्राशी जोडलेली. तिची तीन रूपं कितीतरी जण मानतात. चढत्या चंद्राची तरुण मुलगी, पुनवेची आई आणि उतरत्या चंद्राची म्हातारी.

ती चांदणी कसली?

पाच टोकं म्हणजे माती, पाणी, अग्नी, वारा आणि पाचवं चैतन्य. आपली पंचमहाभूतं डोळ्यासमोर आणा, फार लांब नाही. अमेरिकेत विक्का मानणारे सैनिक आहेत. त्यांच्या थडग्यावर ही चांदणी कोरायला तिथल्या सरकारनं २००७ मध्ये परवानगी दिली. त्याआधी १९८६ मध्येच तिथल्या एका वरिष्ठ न्यायालयानं विक्का हा धर्म आहे हे मान्य केलं होतं.

सुरी कशाला? आणि ते लाल काय होतं?

सुरी बोथट असते, कापायला वापरत नाहीत. पूजेच्या जागेभोवती हवेत रिंगण आखायला वापरतात. मी धारेवरून बोट फिरवून बघितलं, काकडी चिरली नसती. प्राण्याचा बळी त्यांच्यात नाही.

लाल होतं ते कोकम सरबत. तिकडे वाइन ठेवतात. हिनं घरात होतं ते ठेवलं. आईनंच करून दिलं होतं.

झाडाला नि चंद्राला काय पुजायचं?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

मंडळी, आपण भोर-वेल्ह्याची माणसं. तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती, वरंध घाटात वाघजाई. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड दिसले की आपण चपला काढतो, कारण त्या सातीआसरा. आपल्या देवरायांत वाळलेलं लाकूडसुद्धा माणसं सहसा उचलत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ही अभ्यासक मंडळी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवराया पायी हिंडून बघत होती. देवीच्या धाकानं राखलेल्या रानात किती जुनी झाडं टिकून राहिली ते त्यांनी जगाला लिहून सांगितलं. नवरात्रात आपण मातीत धान्य पेरून घट बसवतो, बेंदराला बैल पुजतो, आषाढातल्या अवसेला दिवे पुजतो.

विक्काचे वर्षाला आठ सण. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस, दिवस-रात्र सारखे होतात ते दोन दिवस, आणि यांच्या मधले चार. त्यातला एक ३१ ऑक्टोबरचा. पीक घरात येतं, थंडी सुरू होते आणि त्या दिवशी गेलेल्या माणसांची आठवण काढतात. आपली सर्वपित्री अवस आठवा. फोटो त्याच सणाचा होता. पाटावर तिनं आजीचा चष्मा ठेवला होता. फॉरवर्डमधल्या फोटोत तो कापला गेला.

दोन्ही एकच आहेत असं माझं म्हणणं नाही. वेगळे देश, वेगळे देव. पण झाडापुढं हात जोडणं आपल्याला विचित्र वाटावं, एवढे आपण अजून शहरी झालेलो नाही.

करणी, जादूटोणा करतात की नाही?

इथं खरं काय ते सांगतो. मंत्र म्हणणं, मेणबत्ती लावून इच्छा धरणं, औषधी पाला जाळणं हे ते करतात आणि त्याला 'स्पेल'च म्हणतात. म्हणजे जादू हा शब्द त्यांनी टाकलेला नाही. पण कुणाला इजा होणार नाही असंच वागायचं, हा त्यांचा मुख्य नियम. दुसऱ्याचं केलेलं तिपटीनं आपल्याकडे परत येतं, असंही बरेच जण मानतात.

त्यानं खरंच काही घडतं का? माझा विश्वास नाही. मेणबत्ती लावून नोकरी लागत नाही आणि ताप उतरत नाही. मी तिला सरळ विचारलं, आजारी पडलीस तर काय करतेस? म्हणाली, "डॉक्टरकडे जाते, काका. मेणबत्ती मन शांत करायला." पैशाचंही विचारलं. एका ऑनलाइन कोर्सला साडेचार हजार भरले होते. दुसऱ्या पायरीला आणखी मागायला लागले तेव्हा सोडला. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. स्फटिक, ताईत, अंगठ्या, कोर्स यांचा बाजार तिकडच्या नावानं असो की इकडच्या, खिसा आपलाच कापला जातो.

आणि करणीचा विषय काढलाच आहे तर तोही बोलू. भोरवरून आंबाडे करून घाट चढलं की मांढरदेव. काळूबाई आमच्या घरातही पुजली जाते, त्यामुळं देवीबद्दल माझा शब्द नाही. पण त्या डोंगरावरच्या झाडांना खिळे ठोकून काय लटकवलेलं असायचं ते तुम्हीही बघितलंय. काळ्या बाहुल्या, लिंबं, आणि माणसांचे फोटो. भावाचे, जावेचे, शेजाऱ्याचे. यात्रेला प्रशासनाला झाडांना खिळे आणि बाहुल्या ठोकायला बंदीचा आदेश काढावा लागतो. त्या खिळ्यांतला एकही खिळा इंग्लंडातून आलेला नाही.

ती स्वतःला चेटकीण म्हणवून घेते का?

तिला विचारलं तर म्हणाली, "इंग्रजीत म्हणते. मराठीत नाही म्हणत." मी म्हटलं, का? तर गप्प बसली.

इंग्रजीत या लोकांनी तो शब्द मुद्दाम उचलला. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकाच्या आरोपावरून मारलेल्या माणसांचा आकडा इतिहासकार ४० ते ६० हजारांच्या आसपास धरतात. बहुतेक बायका. त्या शिवीलाच आपलं नाव करायचं, असा विचार. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला जाहीरपणे 'विच' म्हणवून घेतलं, त्याच नावानं आत्मचरित्र लिहिलं. त्या शिकलेल्या, शहरातल्या, नाव असलेल्या. त्यांना ते पेललं.

गावात तो शब्द पेलत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. बातमी का लावली नाही त्याचं कारण इथं येतं.

अठरा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. डिप्लोमा करून नुकताच आलो होतो आणि एका पेपरला तालुक्यातून बातम्या पाठवायचो. भोरच्या पश्चिमेला चाळीस उंबऱ्यांची एक वाडी. तिथल्या गाई-म्हशी आटल्या, दोन-तीन जनावरं दगावली. कुणाच्या तरी गोठ्यामागं हळदकुंकवातलं लिंबू आणि बाहुली सापडली. मी एसटीनं गेलो, बाहुलीचा फोटो काढला, चार जणांशी बोललो आणि बातमी पाठवली. "करणीच्या संशयाने वाडीत घबराट." मजकुरात 'एका वृद्ध विधवेवर ग्रामस्थांचा संशय' असं लिहिलं. नाव छापलं नाही म्हणून मी स्वतःला फार जबाबदार समजत होतो. चाळीस घरांत एकटी राहणारी म्हातारी एकच होती.

बातमी आली त्या दिवशी कात्रण फळ्यावर लागलं. आधी जी कुजबुज होती ती आता पेपरात छापून आलेली गोष्ट झाली. पाणवठ्यावर तिची पाळी शेवटी ठेवायला लागले. गिरणीत तिचं दळण घ्यायचे नाहीत. दीडेक महिन्यानं लेक येऊन तिला पुण्याला घेऊन गेली. ती परत आली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांकडे मी गेलो तो त्यानंतर, भलत्याच कामासाठी. सहज विषय निघाला. ते म्हणाले, अहो, लाळ्या-खुरकूत होता तो. त्यात दूध कमी होणारच. एक फोन मी आधी केला असता तर बातमी वेगळी झाली असती. लस घ्या, अशी झाली असती. पण माझ्या डोक्यात त्या वेळी बाहुलीचा फोटो होता.

त्या घराची भिंत पुढं दोन पावसाळ्यांत बसली. त्या रस्त्यानं जायचं असलं की मी अजून दुसरीकडे बघतो. विक्कातली ती म्हातारी देवी त्या मुलीनं सांगितली, तेव्हा मला हीच आठवली. त्यांच्याकडं उतरत्या चंद्राची म्हातारी पूजेला बसवतात. आपण तिचं दळण बंद केलं, आणि त्याला माझ्या बातमीनं हातभार लावला.

कायदा काय म्हणतो? पोलिसात देता येईल का?

येईल, पण कुणाला ते नीट बघा.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात कायदा मंजूर झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

या कायद्याला जोडलेल्या यादीत बारा गोष्टी आहेत. बुवाबाजी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, नरबळी हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच यादीत हेही आहे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळं रोगराई येते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं, तिला सैतान ठरवणं, हा गुन्हा आहे. करणी-चेटकाच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, धिंड काढणं, रोजच्या व्यवहाराला बंदी घालणं, हाही गुन्हा आहे. दूध आटवण्याचा उल्लेख कायद्यात वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आपापल्या घरात कुणाला इजा न करता केलेली पूजाअर्चा, यात्रा, भजन-कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही, तेही कायद्यातच लिहिलंय. परसात मेणबत्ती लावणारी मुलगी त्यात बसत नाही. तिचं नाव-गाव टाकून "चेटकीण" म्हणून मेसेज फिरवणारा मात्र बसू शकतो. फोटो मला पाठवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. अठरा वर्षांपूर्वी हा कायदा असता तर कदाचित मीही बसलो असतो.

आता शेवटचं.

आम्ही बोलत होतो तेव्हा आई दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती. मी उठलो तेव्हा तिला म्हटलं, "वहिनी, तुम्ही विचारलं होतं ना, तर कुणाचं वाईट करत नाही ती." ती म्हणाली, "ते मला ठाऊक होतं. तुमच्या तोंडून पाहिजे होतं. आमचं कोण ऐकतंय."

निघताना वडील बांधावर भेटले. डोक्यावर भाताचा भारा. तो खाली न ठेवताच विचारलं, "छापणार का?"

"नाव, गाव काही नाही टाकणार. लोक जे विचारतात त्याची उत्तरं लिहीन. तुम्ही नको म्हणालात तर तेही नाही."

थोडा वेळ थांबले. "लिहा मग," म्हणाले आणि खळ्याकडं गेले.

मुलीनं पोस्ट आधी वाचलीय. "काळं कापड म्हणजे माझी जुनी ओढणी, तेही लिहा" म्हणाली, म्हणून लिहिलं. ज्या ग्रुपचे ॲडमिन माझ्या ओळखीचे होते त्यातल्या तिघांनी तो मेसेज काढून टाकला, त्यांचे आभार. एकानं "ज्याला पटेल त्यानं बघावं, नाही त्यानं सोडून द्यावं" असं उत्तर दिलं. त्यांना मी कायद्याचं ते पान पाठवलंय.

बहिणीच्या स्थळाकडून अजून फोन आलेला नाही. ती मंडळी या पोस्टपर्यंत पोचत असतील तर एवढंच सांगतो. घर चांगलं आहे, माणसं कष्टाची आहेत, आणि थोरली मुलगी आजीचा चष्मा जपून ठेवणारी आहे.

तो फोटो तुमच्याकडं अजून असेल तर डिलीट करा. पुन्हा असा कुठला मेसेज आला, कुणाही बाईचं नाव घेऊन, तर पुढं पाठवू नका. पोलीस ठाण्यात या कायद्यासाठी दक्षता अधिकारी म्हणून निरीक्षक दर्जाचे अधिकारी असतात, त्यांना सांगा. जायला संकोच वाटला तर मला फोन करा, मी बरोबर येतो.

आणि विक्काबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा. मला येत असेल ते सांगेन, नसेल तर तिला विचारून सांगेन. प्रश्न विचारण्यात काही वाईट नाही. त्या वाडीत मी तेवढंच करायचं राहिलो होतो.